ठेका कुठे चुकला?

संगणकावर लावलेलं गाणं मध्येच अडखळायला लागलं की घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, मशीन जुनं झालं, नवं आणा. दुसऱ्याचं म्हणणं, अपडेट मारा, होईल ठीक. पुढच्या संवादात हे दोन्ही पक्ष नाहीत, म्हणून तर तो लिहून काढला. यातले मामा खोपोलीच्या बाजारपेठेत उभी हयात रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त करत बसलेले. दुकान बंद केल्यावर आसपासच्या गावांतल्या सप्त्यांच्या, कीर्तना-भजनांच्या कॅसेटी खालापूरच्या घरी बसून संगणकात उतरवायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. भाची ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. सुट्टीला खोपोली लोकलने येते. मामांचा भरवसा कानावर आणि बोटांवर, भाचीचा मोजमापावर. मी मधल्या खुर्चीत चहा घेऊन बसलेला; जिथे राहवलं नाही तिथे बोललोय.

मामा: दुकानदाराला दाखवलं. त्याने वाजवूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, काका, रॅम वाढवा, नाहीतर नवीनच घ्या. जुन्या मशीनला असं व्हायचंच.

भाची: रॅमचा इथे काही संबंध नाही. हिशेबच करू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. सगळं मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे पावणेदोनशे किलोबाइटच्या आसपास. तू तर एमपी-थ्री करून ठेवलंयस, १२८ चं. त्याला सेकंदाला १६ किलोबाइट पुरतात. तुझी जुनी हार्ड डिस्क तेवढ्या वेळात कित्येक मेगाबाइट वाचते. वीस वर्षांपूर्वीच्या संगणकालाही हा हातचा मळ होता.

मामा: मग गोदाम भरलेलं आणि गिऱ्हाईक उपाशी, असं का?

भाची: माल वेळेवर पोचत नाही. साउंड कार्ड कुणासाठी थांबत नाही. त्याला ठरावीक वेळाने पुढचा तुकडा लागतो म्हणजे लागतोच. विंडोजमध्ये हा तुकडा साधारण दहा मिलिसेकंदांचा. तेवढ्यात प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि तुकडा आला नाही, तर कार्ड रिकामं वाजतं. तो तुझा ‘टक्’. प्रोसेसर किती तगडा आहे हा प्रश्नच नाही. त्या दहा मिलिसेकंदांत तो मोकळा होता का, एवढंच विचारायचं.

मामा: म्हणजे फोअरबे.

भाची: काय?

मामा: तुझे आजोबा पॉवर हाउसात होते, विसरलीस? वर लोणावळा, वळवण, शिरोता ही धरणं. त्यांचं पाणी खंडाळ्याच्या फोअरबेत येतं आणि तिथून नळांतून घाट उतरत, पाचशे मीटर खाली खोपोलीच्या टर्बाइनवर आदळतं. १९१५ पासून चाललंय. धरण काठोकाठ भरलेलं असू दे, फोअरबे कोरडा पडला की खाली चाक थांबणार. वरून पाणी कमी-जास्त आलं तरी खाली धार एकसारखी राहावी, म्हणून तर तो बांधलेला.

भाची: त्यालाच आम्ही बफर म्हणतो.

मामा: मग तो मोठा करा की! रॅम कशाला?

भाची: करता येतो, पण त्याचा मोबदला द्यावा लागतो. ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे बारा मिलिसेकंदांच्या आतलं काम. २०४८ चा केला की सेहेचाळीस. कोणी संगणकाला की-बोर्ड जोडून वाजवत असेल तर पट्टी दाबल्यावर सूर मागाहून आल्याचं त्याला लगेच कळतं. तू नुसता ऐकणारा. तुला सुरुवात पाव सेकंद उशिरा झाली तरी काय फरक पडतो?

इथे मी मध्ये बोललो, कारण या जागी बरेच जण फसतात. व्हीएलसीसारख्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये कॅशे वाढवायची सोय असते. तो कॅशे आणि साउंड कार्डाचा बफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला वाढवला तर डिस्क किंवा इंटरनेट अडखळल्याचं झाकलं जातं. शेवटच्या टप्प्यावर, कार्डाच्या तोंडाशीच खोळंबा होत असेल, तर तो कॅशे दहापट केला तरी ‘टक्’ जात नाही. माणूस तोच आकडा वाढवत बसतो आणि शेवटी मशीनला शिव्या देतो.

मामा: तुमचे आकडे नंतर. आधी ऐकायचं. दुकानात कोणी रेडिओ घेऊन आला की मी मागचं झाकण लगेच उघडायचो नाही. चालू करून ठेवायचो आणि दुसरं काम करायचो. तुटणं हेसुद्धा वेगवेगळ्या तऱ्हेचं असतं. इथेही तसंच आहे. एक बारीक तडतड आहे, तेल गरम झाल्यावर मोहरी टाकावी तशी. एक आहे तो सुरुवातीचा शब्द खाणारा. ‘रामकृष्णहरी’तला ‘रा’ येतच नाही. आणि एक मोठा खड्डा आहे, तो मात्र ठरलेल्या जागीच येतो.

भाची: हे तू लिहून ठेवलंयस?

मामा: वही आहे. कॅसेट, बाजू, मिनिट, काय ऐकू आलं.

भाची: मामा, माझ्या ऑफिसात अशी तक्रार लिहून देणारा एक क्लायंट मिळाला तर मी त्याला पेढे देईन. लोक लिहितात, ‘आवाज नीट येत नाही’. बस्स.

मामा: पण मी तुमच्या त्या प्रोग्रॅमला हात लावू देणार नाही, आधी सांगतो. मागे एकाने अपडेट मारून प्रिंटर बंद पाडला.

भाची: बरं. मग पहिली परीक्षा फुकटातली. ती फाइल मोबाइलवर घे आणि तिथे वाजव. मोबाइलवर त्याच जागी, त्याच तऱ्हेने तुटली तर संगणक निर्दोष. दोष फाइलमध्येच आहे. मोबाइलवर नीट वाजली तर फाइल निर्दोष.

ही परीक्षा करायला लोकांना का सुचत नाही, मला कळत नाही. ड्रायव्हर बदलतात, विंडोज नव्याने टाकतात, हेडफोन विकत आणतात, आणि फाइल दुसरीकडे वाजवून बघत नाहीत. इंटरनेटवरून ऐकणाऱ्यांसाठीही हाच मार्ग: तेच कीर्तन उतरवून घ्या, नेट बंद करा, मग लावा. तेव्हा तुटलं नाही तर खोट जोडणीत आहे, आणि साउंड कार्डाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मोबाइलवर लावल्यावर तडतड गेली. पहिला शब्दही पूर्ण आला. मोठा खड्डा मात्र तिथेच होता, त्याच अभंगात.

भाची: झालं. म्हणजे तीन दुखणी आहेत आणि त्यातलं एक संगणकाचं नाहीच. खड्ड्याकडे मागाहून बघू.

मामा: थांब. तो खड्डा मी पुन्हा ऐकतो. भजनी ठेका आहे, आठ मात्रांचा. मी मोजतो... हे बघ. खड्ड्यानंतर ठेका लवकर आला. मधल्या मात्रा गेल्याच. पखवाजवाला असा चुकणार नाही, आणि चुकला तरी चाळीस टाळकरी त्याच्याबरोबर एकदम चुकणार नाहीत.

भाची: म्हणजे?

मामा: म्हणजे कॅसेट संगणकात उतरवतानाच गळती झालीय. वाजवताना तुटलं तर ठेका अडतो आणि जिथे अडला तिथूनच पुढे चालतो. खड्ड्यानंतरची मात्रा उशिरा येते, पण येते. इथे ती हरवलीय.

भाची: मला हे वेव्हफॉर्म मोठं करून बघावं लागलं असतं.

मामा: बघ ना. खोटं निघालं तर सांग.

तिने ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून पाहिली. लाटेची रेघ एका जागी कात्रीने कापल्यासारखी सरळ तुटलेली होती आणि लगेच वेगळ्याच उंचीवरून पुढे सुरू झालेली. मामांचं बरोबर होतं. कॅसेट उतरवली जात असताना संगणक दुसऱ्या कामात गुंतला, आलेले नमुने उचलायला वेळेवर हजर राहिला नाही, आणि तेवढे गळले. वाजवताना बफर रिकामा पडतो, उतरवताना तो भरून वाहतो. दोन्हीकडे कारण तेच, उशीर. एक मात्र सांगायला हवं की ठेक्याची ही खूण तारेने जोडलेल्या स्पीकरवरच खरी धरायची. ब्लूटूथवर पाकिटं हरवतात तेव्हा वाजवतानाही मात्रा गळू शकते.

भाची: आता तडतडीकडे. इथे कान पुरणार नाही, मामा. कान सांगेल की तुटलं. कुणी तोडलं ते सांगणार नाही.

मामा: मग कोण सांगेल?

भाची: लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो काही बदलत नाही, नुसता बघत बसतो. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो ते लिहून काढतो. ड्रायव्हरांना मधेच घुसायचा हक्क असतो. साध्या प्रोग्रॅमना रांग, त्यांना नाही. एखादा शहाणा ड्रायव्हर पटकन काम उरकून बाजूला होतो. एखादा दारातच गप्पा मारत उभा राहतो, आणि मागे तुझं कीर्तन खोळंबतं.

मामा: आमच्या तालुक्यात असे पुष्कळ आहेत.

भाची: हे बघ, पाच मिनिटं चालवलं. सर्वांत वर नाव आलंय एनडीआयएस. म्हणजे नेटवर्क. वायफायचा ड्रायव्हर.

मामा: वायफायचा आणि गाण्याचा काय संबंध? फाइल तर इथेच आहे.

भाची: गाण्याचा नाही, प्रोसेसरच्या वेळेचा. वायफाय मधून मधून आसपासची नेटवर्कं शोधत राहतं, तू वापरत नसलास तरी. काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर त्या वेळी जरा जास्तच रेंगाळतात. वायफाय बंद करून वाजव.

मामा: ...गेली तडतड.

भाची: कधी हे ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमुळे होतं, कधी लॅपटॉपच्या बॅटरीचं मोजमाप ठेवणाऱ्या भागामुळे. यादीत वर कोण येतो त्याच्यामागे जायचं. साउंडचा ड्रायव्हर बदलत बसण्यात लोक दिवस घालवतात, आणि बहुतेक वेळा तो बिचारा भरडला जाणारा असतो, भरडणारा नाही. आता मी वायफायचा ड्रायव्हर बदलते, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ करते, ऑडिओ एन्हान्समेंट बंद करते, यूएसबीची झोप बंद करते आणि...

मामा: आणि मग कशाने बरं झालं?

भाची: बरं झालं म्हणजे झालं!

मामा: नाही. एका वेळी एक बदल. करायचा, ऐकायचं, वहीत लिहायचं, मग पुढचा. उद्या तू ऐरोलीला, मी इथे. परत तडतड सुरू झाली तर मी पाचही गोष्टी उलट्या फिरवू?

भाची: माझ्याकडे एक दिवस आहे, मामा. पाचातल्या चार निरुपद्रवी आहेत. काही मिनिटांत होतं.

मामा: निरुपद्रवी आहेत हे तुला कसं माहीत? मोजलंस?

या जागी माझा कौल मामांना. भाची शिकलेली आहे, हुशार आहे, आणि एकगठ्ठा उपाय केले तर वेळ वाचतो हेही खरं. पण उपाय जिथे राहणार तिथे तो पेलायचा कुणी, हा प्रश्न मामांचा आहे. भाचीने तोंड वाकडं केलं, तरी आधी रिस्टोअर पॉइंट घेतला आणि एकच बदल केला: वायफायचा ड्रायव्हर काढून त्याच्या आधीचा जुना टाकला. अपडेट म्हणजे पुढेच जायचं असं काही नाही. मामांनी वहीत नोंद केली आणि वायफाय पुन्हा सुरू करून अख्खा हरिपाठ ऐकला. तडतड नव्हती.

मामा: आता पहिला शब्द खाणारा.

भाची: तो सोपा. काही वाजत नसलं की संगणक साउंड कार्डाला झोपवतो, वीज वाचवायला. लॅपटॉपमध्ये तर फारच तत्परतेने. तू प्ले दाबतोस, कार्ड जागं होतं, आणि जागं होईपर्यंत ‘रा’ निघून गेलेला असतो. काही स्पीकरही असे असतात, आवाज थांबला की स्वतःच बंद होतात. बाहेरून जोडलेलं यूएसबीचं साउंड कार्ड असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करायचं, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्याची खूण काढायची.

मामा: आणि समजा मी काहीच केलं नाही, फक्त प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता जोडली तर?

भाची: ...तरी चालेल.

मामा: मग तेच करतो. सेटिंग दुसऱ्याच्या घरी जात नाही, फाइल जाते. ही कीर्तनं मी महडला, चौकला, सावरोलीला लोकांना पेन ड्राइव्हवर देणार आहे. त्यांच्याकडेही ‘रा’ गेला नाही पाहिजे.

भाचीने यावर काही बोलायचं टाळलं. टेस्टिंगवाल्यांना असा उपाय आवडत नाही. रोग आहे तिथेच राहतो म्हणतात. मला तो पटला.

मामा: आता माझ्या खात्यातलं सांगतो, तुझ्या लेटन्सीवाल्याला कधी दिसणार नाही ते. इथे पाऊस किती पडतो? सह्याद्रीच्या पायथ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग हेडफोनच्या पिनेला आणि भोकाला काय होणार? कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाचा जॅक सर्वांत आधी जातो. डावा कान बंद, वायर हलवली की चालू. लोक म्हणतात आवाज तुटतो. अरे, पिन भोकात दहा वेळा गोल फिरवा! तेवढ्याने घासून निघतं. नाहीच निघालं तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल. आम्ही पूर्वी सीटीसी वापरायचो, कार्बन टेट्राक्लोराइड. काय साफ व्हायचं! पण यकृताला विष, आणि ओझोनलाही वाईट, म्हणून २०१० पर्यंत आपल्याकडे ते बंद झालं.

भाची: आणि पंख्यातली धूळ?

मामा: ती तर आहेच. हीटसिंक चोंदला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःचा वेग कमी करतो. पहिली वीस मिनिटं ठीक आणि मग तुटायला लागलं, तर आधी झाकण उघडा. पंखा बोटाने धरून ब्रश मारायचा. हवेच्या झोताने त्याला गरगर फिरू द्यायचं नाही.

भाची: विजेचं काय? इथे व्होल्टेज किती नाचतं ते मला माहीत आहे.

मामा: ती आमची जुनी गंमत आहे. वीज इथे तयार होते शंभराहून जास्त वर्षं, आणि मनोऱ्यांवरून आधी मुंबईला जाते. १९४२ साली स्वातंत्र्यलढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने ते मनोरेच पाडले होते. २ जानेवारी १९४३ ला कोतवाल सिद्धगडावर हुतात्मा झाले. आमच्याकडे वीजपुरवठ्यात खंड पडल्याचा इतिहास आहे तो असा. तुमच्या दहा मिलिसेकंदांचं कौतुक आम्हाला सांगू नका.

भाची: विषय सोडून बोलतोयस.

मामा: सोडलेला नाही. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, यूपीएस आणि इको. कुणी बघत नाही. यूपीएसवर ठेवलं की व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं रे गेलं की तो बॅटरीवर उडी मारतो, आणि उडीही चटकन मारतो. संगणकाला कळतसुद्धा नाही. इकोवर ठेवलं की शंभरएक व्होल्टपर्यंत तो तीच कमजोर लाइन पुढे ढकलत राहतो आणि बदल करतानाही आळस करतो. संगणकवाल्याने यूपीएसवर ठेवावं. पण माझ्याकडे खरी गंमत वेगळीच होती. संगणक इन्व्हर्टरच्या लाइनीवर आणि स्पीकरचा अडॅप्टर साध्या बोर्डात! शेजारची पाण्याची मोटर सुरू झाली की स्पीकर क्षणभर डोळा मिटायचा. पडद्यावर गाणं चालूच असायचं. हे मी बोर्ड बदलून आधीच मिटवलंय.

भाची: आणि घरघर? ती तुटणं नाही, पण लोक तीही त्यातच धरतात.

मामा: एकसारखी खालच्या सुरातली घूं असेल तर ती ५० हर्ट्झची, म्हणजे विजेच्या लाइनीची. अर्थिंग बघायचं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवायचा. घूं गेली की समजायचं, गडबड चार्जर-अर्थिंगच्या बाजूला आहे.

ब्लूटूथचं थोडक्यात सांगतो, कारण मामांना ते आवडत नाही आणि भाचीला त्यात विशेष काही वाटत नाही. ब्लूटूथ, जुनं वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तिघेही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात. त्यात चौथा छुपा पाहुणा आहे: यूएसबी ३.० चं निळं पोर्ट. त्याला जोडलेली हार्ड डिस्क चालू असताना याच पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेलने २०१२ सालीच तसं लिहून ठेवलंय. ब्लूटूथचा बारका डोंगल तिला खेटून लावला असेल तर आवाज तुटणारच. डोंगलला हातभर एक्स्टेन्शन वायर लावून लांब ठेवला आणि राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेला, तर बऱ्याच घरांतलं भांडण मिटेल. आणि हेडसेट लावल्यावर गाणं एकाएकी टेलिफोनवरून आल्यासारखं झालं तर ते तुटणं नव्हे. कुठल्या तरी प्रोग्रॅमने माइक उघडलाय, तो बंद करा.

भाची: मामा, दुकानदाराचं एक मात्र खरं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुझं मशीन ११ घेत नाही.

मामा: मग त्याने तसं सांगावं. आवाज तुटतो म्हणून नवीन घ्या असं कशाला? दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाची: वेगळ्या आहेत, कबूल. पण मी पेन ड्राइव्हवर लिनक्स आणलंय. मशीनमध्ये काही न टाकता त्यावरून चालू करता येतं. त्यावर हीच फाइल न तुटता वाजली तर लोखंड चांगलं आहे, दोष होता तो विंडोजच्या बाजूला. मशीन बदलण्याआधी करण्यासारखी यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

मामा: हे मला आवडलं. झाकण न उघडता लोखंड आणि बाकीचं वेगळं काढलंस. आणि ते कायमचं टाकलं तर?

भाची: टाक. कॅसेटी उतरवायला आणि ऐकायला पुरेसं आहे. फक्त मराठी टायपिंगची सवय बदलावी लागेल.

लिनक्सवर हरिपाठ स्वच्छ वाजला. मामांनी वहीत लिहिलं, ‘लोखंड ठीक’, आणि खाली दोन रेघा मारल्या. मग गळती झालेली कॅसेट पुन्हा उतरवायला घेतली. या वेळी भाचीच्या हट्टाने एमपी-थ्री नाही, वेव्ह. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही किमान एवढंच सांगितलंय. जागा जास्त लागते, तासाला एक गिगाबाइट, पण हार्ड डिस्क स्वस्त आहे आणि कॅसेट दुसरी मिळणार नाही. वायफाय बंद, ब्राउझर बंद, अँटिव्हायरसची तपासणी रात्रीवर ढकललेली. मात्रा सगळ्या आल्या. पण शेवटाकडे आणखी एक तुटणं निघालं, जे वहीत नव्हतं.

भाची: हे बघ, इथेही तुटलं. आता काय बंद करायचं राहिलं?

मामा: परत लाव. ...हे संगणकाचं नाही. तुटायच्या आधी बुवांचा आवाज चिरका होत वर गेला, ऐकलंस? संगणक तोडतो तेव्हा सूर बदलत नाही, कापतो. सूर चढतो याचा अर्थ रेकॉर्ड करतानाच टेपची मोटर मंदावली होती. पट्टी हळू चाललेली असताना भरलं आणि आता नेहमीच्या वेगाने, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने वाजतंय, म्हणून वर गेलं. सप्त्यात लाइट गेली त्या रात्री. मोटर थांबेपर्यंतचं तेवढं भरलं गेलं. आणि पुढे बघ, सुरू होताना उलटं. चिरक्यातून खाली उतरत जागेवर येतो. लाइट आली.

भाची: मध्ये किती वेळ गेला?

मामा: टेपला काय माहीत. ती बंदच होती. अर्धा तास असेल, पाऊण असेल.

भाची: बरं, कळलं. मग मी हे दोन्ही चिरके तुकडे कापते आणि जोड गुळगुळीत करते. ऐकणाऱ्याला समजणारही नाही.

मामा: कापायचं नाही.

भाची: मामा, दिवसभर आपण तुटणंच काढत बसलोय!

मामा: संगणकाने तोडलेलं काढायचं. हे संगणकाने तोडलेलं नाही, त्या रात्री घडलेलं आहे.

भाची: महडच्या माणसाला पेन ड्राइव्ह दिलास की तो पहिल्यांदा हेच म्हणेल, रेकॉर्डिंग खराब आहे.

मामा: म्हणेल. मी त्याला सांगेन, लाइट गेली होती.

भाची: प्रत्येकाला सांगत फिरणार? फाइलच्या नावात तरी लिही, ‘मध्ये लाइट गेली’.

मामा: नावात नको, नाव लांबतं. वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहू, मिनिट-सेकंदासकट.

भाची: टेक्स्ट फाइल कोणी उघडत नाही.

मामा: तुझ्या ऑफिसातले उघडत नसतील. आणि दुसरी बाजू लाव आता. वायफाय बंद आहे ना ते बघून घे.